जुना भ्रंश पुन्हा का सरकतो, आणि कधी सरकत नाही

११ नोव्हेंबर २०१९ रोजी फ्रान्सच्या आग्नेय भागात, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातल्या ल तेय गावाजवळ ४.९ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. आकडा लहान, पण हालचाल जमिनीखाली जेमतेम किलोमीटरभरावर. त्यामुळे घरांची मोठी पडझड झाली आणि जमिनीवर सुमारे पाच किलोमीटर लांबीची फूट उमटली. ती जिथे उमटली तिथे ला रुव्हिएर नावाचा भ्रंश, म्हणजे खडक जिच्यावरून सरकले अशी जुनी फूट, भूवैज्ञानिक नकाशावर आधीपासून काढलेला होता. ऑलिगोसीन काळात, म्हणजे अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी, तिथलं कवच ताणलं जात असताना तो तयार झाला. तेव्हा त्याची वरची बाजू, म्हणजे तिरक्या फुटीवर टेकलेला खडक, खाली घसरली होती. २०१९ मध्ये तीच बाजू दहा-पंधरा सेंटिमीटर वर चढली. पृष्ठभाग तोच, दिशा उलटी. सक्रिय भ्रंशांमध्ये त्याची गणना होत नव्हती.

असं काही घडलं की ‘जुनी कमकुवत रेषा पुन्हा जागी झाली’ हे वाक्य हमखास वाचायला मिळतं. त्यात दोन गृहीतकं दडलेली आहेत: जुनं म्हणजे कमकुवत, आणि कमकुवत म्हणजे कधीतरी सरकणारच. दोन्ही अर्धीच खरी. भूकवचात असंख्य जुने भ्रंश पडून आहेत आणि त्यांतले बहुतेक पुन्हा हललेले नाहीत. कोणता हलेल हे वय सांगत नाही. ते ठरतं आजच्या प्रतिबलाशी, म्हणजे खडकावर येणाऱ्या दाब-ताणाशी, त्या पृष्ठभागाचा कोन किती, त्यावरचं घर्षण किती, मधल्या काळात तो कितपत सांधला गेला आणि आतल्या पाण्याचा दाब किती, यांवर. या चारही गोष्टी मोजता येतात, निदान त्यांना मर्यादा तरी घालता येते.

आधी शब्दाचा अर्थ पक्का करू. शाळेच्या पुस्तकात ज्याला प्रस्तरभंग म्हणतात तोच हा भ्रंश, म्हणजे फॉल्ट. एकाच भ्रंशावर दर काही शतकांनी भूकंप होत राहिले तर ती पुनःसक्रियता, म्हणजे जुन्या भ्रंशाचं पुन्हा सरकणं, नव्हे. ते त्याचं चालू आयुष्य. दोन हालचालींच्या मध्ये निदान दहा लाख वर्षांचा खंड पडला असेल आणि त्या दोन्ही पुराव्यानिशी वेगळ्या दाखवता येत असतील, तरच हा शब्द वापरावा. आणखी एक फरक कायम लक्षात ठेवायला हवा. नवा भ्रंश जुन्या खडकाच्या पट्ट्यांना समांतर गेला, तर त्याने जुन्या रचनेची फक्त दिशा उचलली असेल. जुनाच पृष्ठभाग सरकला असं त्यातून सिद्ध होत नाही. उपग्रहाच्या चित्रावर सरळ रेघ दिसली, तिच्या आसपास दोन भूकंपांचे ठिपके पडले, की ‘प्राचीन भ्रंश सक्रिय’ असा निष्कर्ष काढला जातो. अशा कित्येक रेघा नुसत्या सांध्यांच्या (न सरकलेल्या तड्यांच्या), डाइकच्या (तड्यात थिजलेल्या लाव्हारसाच्या भिंतीच्या) किंवा नदीने कोरलेल्या असतात. सरकण्याचा पुरावा मिळेपर्यंत रेघेला भ्रंश म्हणूच नये, असं माझं ठाम मत आहे.

भ्रंशाच्या आत

भ्रंश कागदावर रेघ असतो, जमिनीत पट्टा. मध्ये गाभा: काही सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत जाड, जिथे बहुतेक सगळं सरकणं झालेलं असतं. त्यात दळलेल्या खडकाची पिठासारखी गाउज किंवा घट्ट जमलेला कॅटाक्लासाइट सापडतो. दोन्ही बाजूंना तडकलेल्या खडकाचा इजाग्रस्त पट्टा, तो दहापट-शंभरपट रुंद असू शकतो. पाणी बहुधा या तडकलेल्या पट्ट्यातून भ्रंशाच्या लांबीला धरून वाहतं. चिकणमातीचा गाभा ते आडवं जाऊ देत नाही. दाब साचायला लागणारी रचना अशी भ्रंशाच्या अंगातच असते.

खोलीप्रमाणे त्याचं रूप पालटतं. क्वार्ट्झ साधारण ३०० अंश सेल्सिअसला आणि फेल्डस्पार साधारण ४५० अंशांना तुटण्याऐवजी वाहू लागतात. किलोमीटरला २५ अंशांनी तापमान वाढतं असं धरलं तर या मर्यादा साधारण १२ आणि १८ किलोमीटरवर येतात. त्याखाली भ्रंश म्हणजे मायलोनाइटचा पट्टा, बारीक कणांचा, पानांसारख्या थरांचा. पुढच्या कोट्यवधी वर्षांत वरचे खडक झिजून गेले की तोच मायलोनाइट उथळ, थंड भागात येतो आणि पुढची हालचाल त्याला मोडते. म्हणून जुन्या पट्ट्यात मायलोनाइटचे तुकडे कॅटाक्लासाइटमध्ये अडकलेले आणि कॅटाक्लासाइटचे तुकडे गाउजमध्ये अडकलेले सापडतात. ३०० अंशांची ही मर्यादा मात्र सगळीकडे लावू नये. कवचाचा खालचा भाग कोरडा, बेसाल्टी घडणीचा आणि थंड असेल तर तो ३५ किलोमीटरवरही ठिसूळ राहतो. २२ मे १९९७ चा जबलपूरचा ५.८ मॅग्निट्यूडचा भूकंप सुमारे तेवढ्याच खोलीवर, नर्मदेच्या जुन्या भ्रंशपट्ट्यात झाला.

कोनाचा हिशोब

प्रयोगशाळेत बहुतेक खडकांचे कापलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासले तर घर्षणांक ०.६ ते ०.८५ च्या दरम्यान येतो. भूभौतिकशास्त्रज्ञ जेम्स बायर्ली यांनी १९७८ मध्ये हे मांडलं: लंब प्रतिबल (पृष्ठभागाला काटकोनात दाबणारं) २०० मेगापास्कलपर्यंत (हे दाबाचं एकक) असेल तर ०.८५ चा गुणक, त्यापुढे ०.६ चा गुणक आणि वर ५० मेगापास्कल. ग्रॅनाइट असो की चुनखडक, फरक थोडाच पडतो. चिकणमातीची खनिजं आणि टाल्क हे मोठे अपवाद. त्यांच्याकडे नंतर वळू.

आता जुन्या भ्रंशाची प्रतल-दिशा आणि सर्वांत मोठं प्रतिबल यांच्यातला कोन घ्या. तो पृष्ठभाग सरकायला मोठ्या आणि लहान परिणामी प्रतिबलांचं (पाण्याचा दाब वजा करून उरणाऱ्या) किती गुणोत्तर लागेल, हे एका साध्या सूत्राने निघतं. घर्षणांकाला कोनाच्या कोटँजंटने गुणा आणि एक मिळवा. मग एकातून घर्षणांक आणि टँजंट यांचा गुणाकार वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. तीन काटकोनी दिशांच्या प्रतिबलांपैकी मधलं भ्रंशाच्या पृष्ठभागातच आहे आणि भ्रंशाला संसंजन, म्हणजे दाबाशिवायही कणांना धरून ठेवणारी ताकद, उरलेलं नाही, अशी दोन गृहीतकं यात आहेत. भूवैज्ञानिक रिचर्ड सिब्सन यांनी १९८५ मध्ये या सूत्राचा पुनःसक्रियतेसाठी पद्धतशीर वापर केला, आणि आजही पहिला अंदाज याच सूत्राने घेतात.

घर्षणांक ०.६ धरला तर सर्वांत सोयीचा कोन सुमारे ३० अंश; तिथे गुणोत्तर ३.१ पुरतं. ४५ अंशांना ४ लागतं. ५० ला ५.३. ५५ ला जवळजवळ १०. ५९ अंशांच्या पुढे छेद ऋण होतो, म्हणजे कितीही दाबलं तरी भ्रंश सरकत नाही, उलट जास्त घट्ट आवळला जातो. याला कोंडीचा कोन म्हणू.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. जागा पाच किलोमीटर खोल, खडकाची घनता घनमीटरला २,७०० किलो. वरचं ओझं १३२ मेगापास्कल भरतं. छिद्रांत साधं भूजल असेल तर त्याचा दाब ४९. वजाबाकी ८३ मेगापास्कल. घर्षणाला जाणवतं ते एवढंच. कवच आडवं दाबलं जातंय, म्हणजे मोठं प्रतिबल आडवं, लहान उभं, आणि भ्रंशाची नती, म्हणजे आडव्या पातळीशी त्याचा कल, हाच त्याचा कोन. ३० अंशांच्या जुन्या भ्रंशाला सरकायला २५९ मेगापास्कल परिणामी आडवं प्रतिबल लागेल. ४५ अंशांच्या भ्रंशाला ३३२. ५० अंशांच्या भ्रंशाला ४३८. ५५ च्या भ्रंशाला ८२३.

या आकड्यांची तुलना कशाशी करायची? शेजारचा अखंड खडक फोडायला जे लागतं त्याच्याशी. त्याचं संसंजन ४० मेगापास्कल आणि आतला घर्षणांकही ०.६ धरला तर नवा भ्रंश तयार व्हायला सुमारे ४०० मेगापास्कल पुरतात. म्हणजे ४५ अंशांचा जुना भ्रंश आधी सरकेल. ५० अंशांचा जागेवरच राहील आणि शेजारी ३० अंशांचा नवा भ्रंश फुटेल. जुन्या-नव्याची सीमा ४९ अंशांच्या आसपास पडते. भ्रंश जुना आहे, लांब आहे, नकाशावर ठळक आहे, याचा या निकालाशी काही संबंध नाही.

इथेच या विषयातलं मोठं कोडं उभं राहतं. कवच ताणलं जाताना तयार होणारे भ्रंश साधारण ६० अंशांच्या नतीचे असतात. भूवैज्ञानिक अँडरसन यांनी १९०५ मध्येच त्यामागचं कारण सांगितलं होतं. नंतर तोच प्रदेश दाबला गेला तर ६० अंश हा कोंडीचा कोन ठरतो. हिशोबाप्रमाणे असे भ्रंश उलटे सरकायलाच नकोत. तरी ते सरकलेले दिसतात, उत्तर समुद्राखाली, आल्प्समध्ये, कच्छमध्ये. मग त्यांना काहीतरी मदत झालेली असणार, आणि ती शोधणं हेच खरं काम.

काही वेळा ती भूमितीत सापडते. ताणाचे भ्रंश खाली जाताना अनेकदा सपाट होत जातात. वर ६०, खाली ४० किंवा ३० अंश. पुढे सगळा प्रदेश कलला असेल तरी नती बदलते. दाब आला की खालचा सपाट भाग सरकतो. वरचा उभा भाग अडतो, आणि खालच्या बाजूच्या खडकातून कमी नतीचा नवा फाटा फुटून पृष्ठभागाकडे जातो. याला खालच्या भिंतीतला शॉर्टकट म्हणतात. त्यामुळे पृष्ठभागावर नवा भ्रंश दिसतो आणि खोलवर जुनाच काम करत असतो. आडव्या सरकण्याचाही फायदा होतो: दाब भ्रंशाला काटकोनात न येता तिरका आला तर उभा भ्रंश बाजूला सरकू शकतो, आणि तिथे लागणारं गुणोत्तर बरंच कमी असतं. फक्त छेदचित्र पाहणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्या चित्रात आडवी हालचाल उमटतच नाही.

पाणी, माती आणि सांधणं

दुसरी मदत पाण्याची. वरच्याच उदाहरणात पाण्याचा दाब वाढून ओझ्याच्या नव्वद टक्क्यांवर, म्हणजे ११९ मेगापास्कलवर गेला असं समजा. उभं परिणामी प्रतिबल ८३ वरून १३ वर येतं. ५५ अंशांच्या भ्रंशाला आता १३१ मेगापास्कल पुरतात. अखंड खडकाला मात्र अजून १८० च्या वर लागतात, कारण त्याचं संसंजन दाबाबरोबर कमी होत नाही. घर्षणाचा वाटा लहान झाला की संसंजनाचा फरक निर्णायक ठरतो, आणि जुन्या भ्रंशाकडे ते नसतंच. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर मुद्दा वाटतो: पाणी भ्रंश आणि अखंड खडक दोघांनाही हलकं करतं, पण फायदा भ्रंशालाच जास्त होतो. मात्र ६० अंशांच्या आणि ०.६ घर्षणाच्या भ्रंशाला एवढ्याने भागत नाही. तिथे पाण्याचा दाब लहान प्रतिबलाच्याही वर जावा लागतो, आणि तसं झालं की आडव्या भेगा उघडतात, त्यांत क्वार्ट्झच्या शिरा भरतात. उभ्या व्युत्क्रम भ्रंशाशेजारी (ज्याची वरची बाजू वर चढते) आडव्या शिरांचे थर दिसले तर त्या काळी दाब तेवढा चढला होता याची ती खूण. सोन्याच्या अनेक खाणी नेमक्या अशा शिरांवर आहेत.

दाबाचा परिणाम माणसाने स्वतः करून पाहिलेला आहे. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून ३,६७१ मीटर खोल विहिरीत सांडपाणी सोडलं गेलं आणि भूकंप सुरू झाले. १९६६ मध्ये सोडणं थांबवलं, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये आले. दाब पसरायला वेळ घेतो. पंप बंद झाला म्हणजे भ्रंशावरचा दाब त्याच दिवशी उतरला असं होत नाही. त्यानंतर कोलोरॅडोतल्याच रेंजली तेलक्षेत्रात मुद्दाम प्रयोग झाला. खडकाचं घर्षण आणि जागेवरचं प्रतिबल मोजून शास्त्रज्ञांनी आधी सांगितलं की दाब २५७ बारच्या (२५.७ मेगापास्कलच्या) वर गेला तर तिथला भ्रंश सरकेल. पंप चालवून दाब वर नेला तेव्हा धक्के वाढले, खाली आणला तेव्हा विहिरींजवळचे धक्के थांबले. २०११ ला ओक्लाहोमात प्राग गावाजवळ ५.७ चा भूकंप झाला, तो विल्झेटा या पुराजीव महाकल्पातल्या भ्रंशपट्ट्यावर. २०१६ चा पॉनीचा ५.८ चा धक्का मात्र अशा भ्रंशावर झाला जो तोवर कोणत्याही नकाशावर नव्हता. सांडपाणी जिथे सोडलं जात होतं त्या थराच्या खालच्या स्फटिकी पायाखडकात तो दडलेला होता. पुन्हा सरकतील असे भ्रंश नकाशातून निवडताना हे आठवावं: नकाशा वरच्या थरांचा असतो, भूकंप पायाखडकात होतात.

तिसरी मदत खनिजांची. भ्रंशातून पाणी फिरत राहिलं की फेल्डस्पार अभ्रकात आणि चिकणमातीत बदलतो. ओल्या माँटमोरिलोनाइटचा घर्षणांक ०.१ ते ०.२, टाल्कचा ०.२ च्या आसपास, इलाइटचा थोडा जास्त. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशातून काढलेल्या गाभ्यात सॅपोनाइट हे चिकणमातीचं खनिज सापडलं आणि त्याचं घर्षण ०.१५ च्या आसपास भरलं. आपल्या उदाहरणात भ्रंशाचा घर्षणांक ०.६ ऐवजी ०.३ घातला तर ६० अंशांना गुणोत्तर २.४ एवढंच लागतं आणि कोंडीचा कोन ७३ अंशांवर जातो. उभ्या भ्रंशाचं कोडं एका मातीच्या थराने सुटतं. पण तो थर सलग हवा. गाउजमध्ये चिकणमातीचे तुटक डाग असतील तर मधले क्वार्ट्झचे कणच भार पेलतात. म्हणून प्रयोगशाळेत दळलेली भुकटी दाबून मोजलेलं घर्षण आणि पानांसारखा थर न मोडता कापलेल्या तुकड्याचं घर्षण यांत मोठा फरक येतो. भुकटीचा आकडा जास्त येतो, आणि तोच हिशोबात घातला तर भ्रंश आहे त्यापेक्षा मजबूत वाटतो.

आता उलट बाजू. तेच पाणी भ्रंशाला सांधूही शकतं. क्वार्ट्झ, कॅल्साइट, एपिडोट तडे भरून काढतात आणि गाभा कठीण होतो. पूर्ण सिलिकाभरित भ्रंश आजूबाजूच्या खडकापेक्षा कठीण असतो. झिजेत तो भिंतीसारखा उभा राहतो. अशा वेळी पुढची हालचाल त्याच्या कडेने, इजाग्रस्त पट्ट्याच्या सीमेवरून जाते. त्याला पुनःसक्रियता म्हणायचं का? मी म्हणेन, पट्टा पुनःसक्रिय झाला, पृष्ठभाग नव्हे, आणि अहवालात नेमकं तसंच लिहावं.

किती वेळा सरकला, हे खडकातून कसं वाचायचं

सुरुवात भ्रंशाच्या पृष्ठभागावर सरकताना पडलेल्या ओरखड्यांपासून. एका प्रतलावर ओरखड्यांचे दोन किंवा तीन संच वेगवेगळ्या दिशांना असतील तर प्रत्येक संचाची दिशा, त्यातलं खनिज आणि सरकताना उमटलेल्या बारीक पायऱ्यांची बाजू स्वतंत्र नोंदवावी. कुठला संच कुठल्यावर चढलाय हे भिंगाने पाहावं, अंदाजाने नाही. खनिजांवरून खोली कळते. एपिडोट-क्लोराइटचे तंतू साधारण २५० अंशांच्या पुढचे, झिओलाइट त्याहून थंड आणि साधी चिकणमाती उथळ. जुन्यावर नवं या क्रमाने तापमान उतरत गेलं असेल तर मध्ये खडक वर आला, म्हणजे मोठा काळ गेला, असं धरायला आधार मिळतो. एकाच खनिजाचे दोन दिशांचे ओरखडे मात्र एकाच भूकंपमालिकेतही उमटू शकतात. वेगळ्या दिशा म्हणजे वेगळे काळ, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

थर असतील तर काम सोपं होतं. ताणाच्या काळात भ्रंशाच्या वरच्या बाजूचे थर जाड साचतात. पुढे दाब आला की हीच जाड बाजू वर ढकलली जाते आणि वरच्या थरांत कमान उठते. भूकंपीय छेदचित्रावर मग खालचे थर खाली सरकलेले दिसतात, वरचे वर चढलेले, आणि मध्ये एक बिंदू सापडतो जिथे अंतर शून्य. या शून्यबिंदूच्या वर पाहणारा म्हणेल व्युत्क्रम भ्रंश, खाली पाहणारा म्हणेल सामान्य भ्रंश, म्हणजे वरची बाजू खाली घसरलेला. दोघेही आपापल्या जागी बरोबर. दाब वाढत गेला तसा शून्यबिंदू भ्रंशावरून खाली उतरतो. पूर्ण उलटापालट झालेल्या भ्रंशावर तो सापडतच नाही, आणि मग थरांची जाडी हा एकच पुरावा उरतो. प्रत्येक थराची जाडी दोन्ही बाजूंना मोजून कागदावर मांडली नाही तर हा इतिहास हातातून निसटतो.

कच्छ हे याचं ठसठशीत उदाहरण. गोंडवनखंड फुटताना, मध्यजीव महाकल्पात, तिथे खचदरी तयार झाली. पूर्व-पश्चिम धावणारे सामान्य भ्रंश आणि त्यांच्या खचलेल्या बाजूला साचलेले जाड ज्युरासिक-क्रिटेशियस थर. भारत आशियाला धडकल्यावर तोच प्रदेश उत्तर-दक्षिण दाबला गेला. आज कच्छमधल्या डोंगररांगा त्या जुन्या भ्रंशांच्या काठाने उठलेल्या कमानी आहेत. १८१९ च्या भूकंपात रणात अल्लाबंद नावाचा बांधासारखा उंचवटा उठला. २६ जानेवारी २००१ चा ७.७ चा भुजचा भूकंप दक्षिणेकडे ४५ ते ५० अंश नती असलेल्या प्रतलावर, वीसेक किलोमीटर खोलीच्या आसपास झाला आणि मुख्य भ्रंश पृष्ठभागापर्यंत फाटला नाही. वरच्या हिशोबातली ४९ अंशांची सीमा आठवा. असा भ्रंश अगदी काठावर बसतो. थोडा जास्त पाण्याचा दाब किंवा थोडं कमी घर्षण, आणि तो सरकतो.

स्कॉटलंडचा ग्रेट ग्लेन भ्रंश वेगळी गोष्ट शिकवतो. चाळीस कोटी वर्षांच्या मागे, कॅलिडोनियन पर्वतनिर्मितीत, तो डावीकडे सरकला. नंतरच्या काळात, उत्तर अटलांटिक उघडण्याच्या आगेमागे, उजवीकडे. दोन हालचाली एकमेकींना वजा होतात. आज दोन्ही बाजूंचे खडक जुळवून जे अंतर मिळतं ते फक्त शिल्लक असतं, एकूण प्रवास नव्हे. अनेकदा सरकलेल्या कुठल्याही भ्रंशाबद्दल ‘एकूण सरक इतके किलोमीटर’ असं वाचलं की ती बेरीज आहे की वजाबाकी, हे विचारावं.

वय काढताना काय बिघडतं

गाउजमधला इलाइट भ्रंशाच्या हालचालीबरोबर वाढतो, म्हणून त्याचं पोटॅशियम-आर्गॉन वय (किरणोत्सारी पोटॅशियमपासून साचलेल्या आर्गॉनवरून) काढतात. नमुना कोवळ्या गाभ्यातून घ्यावा, झिजलेल्या तोंडावरून नाही. वरची मातकट साल खरवडून आतला किलोभर माल पुरतो. तो दळायचा नाही. दळला की शेजारच्या खडकातलं जुनं, भरड अभ्रक बारीक होऊन इलाइटमध्ये मिसळतं आणि वय खोटं वाढतं. पाण्यात भिजवून पुन्हापुन्हा गोठवायचं आणि वितळवायचं, म्हणजे कण आपापल्या आकारात सुटे होतात. मग निवळवून वेगळे करायचे: दोन मायक्रॉनचा कण २० अंश तापमानाच्या पाण्यात दहा सेंटिमीटर खाली जायला साधारण आठ तास घेतो. ०.१ मायक्रॉनच्या खालच्या भागासाठी सेंट्रिफ्यूज लागतो.

प्रत्येक आकाराचं वय वेगळं निघतं. भरड भाग म्हातारा, बारीक भाग तरुण. एकच वय छापून मोकळं होणं चुकीचं. क्ष-किरणांनी प्रत्येक भागात बाहेरून आलेलं अभ्रक आणि जागेवर वाढलेला इलाइट यांचं प्रमाण मोजतात, त्यासमोर वय मांडतात आणि रेषा शून्य टक्के बाहेरच्या मालापर्यंत ओढतात. तिथे मिळतं ते इलाइट वाढण्याच्या शेवटच्या मोठ्या टप्प्याचं वय. पोटॅश फेल्डस्पारचे कण उरले असतील तर रेषा वाकडी येते, म्हणून तेही आधी तपासावं लागतं. आणि त्यानंतर भ्रंश थंड, उथळ जागी सरकला असेल, नवा इलाइट वाढलाच नसेल, तर ती हालचाल या घड्याळात उमटत नाही.

ओरखड्यांच्या पायऱ्यांमधल्या कॅल्साइटचं युरेनियम-शिसे वय हा दुसरा मार्ग. गेल्या दशकभरात लेझरच्या मदतीने तो सोपा झाला. अडचण युरेनियमची. बऱ्याच कॅल्साइटमध्ये ते इतकं कमी आणि सुरुवातीचं शिसं इतकं जास्त असतं की रेषाच जुळत नाही. शिवाय कॅल्साइट सरकताना तंतूंच्या रूपात वाढला की नंतर रिकाम्या फटीत शांतपणे भरला, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरवल्याशिवाय वय कशाचं हे सांगता येत नाही. पातळ काप आधी, लेझर मग.

जिवंत की मृत

कायदा आणि अभियांत्रिकी यांना होय-नाही असं उत्तर हवं असतं. अमेरिकी अणुनियमांत गेल्या ३५,००० वर्षांत एकदा किंवा ५ लाख वर्षांत पुन्हापुन्हा सरकलेल्या भ्रंशाला सक्षम भ्रंश म्हटलं गेलं. कॅलिफोर्नियात होलोसीन काळातली, म्हणजे साधारण ११,७०० वर्षांतली हालचाल धरतात. झपाट्याने सरकणाऱ्या प्लेटच्या सीमेवर या खिडक्या ठीक चालतात. खंडाच्या आत त्या तोकड्या पडतात. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकजवळ २२ जानेवारी १९८८ या एकाच दिवशी सहाच्या वरचे तीन भूकंप झाले आणि तीसेक किलोमीटरची फूट पडली. नंतर खणलेल्या चरांत त्याआधीच्या हजारो वर्षांतल्या हालचालीचा स्पष्ट माग मिळाला नाही. उत्तर स्वीडनचा पारवी भ्रंश १५० किलोमीटरहून लांब, काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत उंच कड्याचा. तो सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाचं बर्फ वितळून ओझं उतरलं तेव्हा, प्राचीन कातरपट्ट्यांवर सरकला. प्रतिबल तिथे आधीपासून साठलेलं होतं. बर्फाच्या वजनाने पृष्ठभाग दाबून धरला होता.

म्हणून वयाच्या खिडकीसोबत कोनाचा हिशोबही मांडावा, आणि एकाच आकड्यात मांडू नये. भ्रंशाची नती जमिनीवर मोजलेली असली तरी खोलीवर दहा अंशांनी वेगळी धरून पाहावी. आडव्या प्रतिबलाची दिशा विहिरींतल्या भिंतींच्या पडझडीवरून किंवा भूकंपांच्या नाभीय विश्लेषणावरून (भ्रंश कुठल्या दिशेने सरकला हे लहरींवरून काढण्याच्या पद्धतीने) घ्यावी आणि पंधरा अंश इकडेतिकडे फिरवावी. घर्षणांक ०.६ ला एकदा, गाउजमध्ये चिकणमाती सलग असेल तर ०.३ ला एकदा. पाण्याचा दाब साध्या भूजलाचा एकदा, ओझ्याच्या नव्वद टक्के एकदा. अशा वीस-तीस जोड्या काढल्या की काही भ्रंश प्रत्येक जोडीत अडलेले राहतात आणि काही निम्म्याहून जास्त जोड्यांत सरकतात. दुसऱ्या गटातल्या भ्रंशावर चर खणायला आधी जावं, मग नकाशावर त्याच्यासमोर ‘निष्क्रिय’ लिहिलेलं असलं तरी.